कागदातलं नाव

"हा अंगठा तुमचाच ना, बाई?"

"माहाच हाय जी."

सरकारी वकिलांनी खालच्या कोर्टातल्या जबाबाचा कागद जजसाहेबांपुढे ठेवला आणि खुशीत खाली बसले. साल १९५४, नागपूरचं कोर्ट. साक्षीच्या पिंजऱ्यात अनुसया, आरोपीच्या पिंजऱ्यात तिचा विणकर नवरा. सुताचं गोदाम त्यानंच पेटवलं, असा आरोप. अनुसयाचं घर गोदामासमोर, म्हणून साक्षीदारही तीच. दुसरा पुरावा नव्हता. तिच्या या एका जबाबावर तो सात वर्षं तुरुंगात जाणार होता.

"पण हे मी बोललीच नाही," ती म्हणाली. "पळणाऱ्याची पाठ दिसली, तोंड नाही. एवढंच सांगतलं मी."

"खालच्या कोर्टात जबाब वाचून दाखवला होता?" जजसाहेबांनी विचारलं.

"नाही जी. बाबूनं लिहलं, अन् म्हणे लाव अंगठा, मले जेवाले जायचं हाय."

लोक हसले. वकील उठले. "मागाहून सगळेच असं म्हणतात, साहेब. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे आहेत." आणि त्यांनी ठणठणीत आवाजात वाचलं, "प्रश्न: कोणाला पाहिलं? उत्तर: जागेश्वरला पाहिलं."

अनुसयानं झटकन पदर पुढे ओढला. मग पदराआड तिला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"साहेब, अठरा वर्षं झाली लग्नाले. हे नाव मी उखाण्याबिगर कधी घेतलं नाही. पोरीले शाळेत घातलं, तं बापाचं नाव सांगाले शेजारीण नेली होती संग."

जजसाहेबांनी स्वतःचा सकाळचा कागद उलटला. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ही बाई मुकाट उभी राहिली होती. शेवटी चपराशानं सांगितलं होतं.

त्यांनी खालच्या कोर्टाच्या जबाबावर आडवी रेघ मारली. आजचा जबाब तिला शब्दन् शब्द वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला.

चार वाजता नवरा सुटला. व्हरांड्यात शेजारच्या वच्छलाबाईनं दोघांची वाट अडवली. "आता तं नाव घे वं."

खालच्या कोर्टाचा तो बाबू फायली घेऊन तिथूनच चालला होता. अनुसयानं त्याला पाहिलं आणि आवाज चढवला:

"धोट्याले सूत, काठाले जर, जागेश्वररावाले घेऊन चालली मी घर. हे घ्या लिहून, बाबू."