कानसेन

"इथं," घड्याळवाले काका म्हणाले आणि त्यांचं बोट वर गेलं.

रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. हेडफोन कानावर असून कानसेनला काही म्हणता काही जाणवलं नव्हतं. त्यानं तोच तुकडा पुन्हा लावला, आवाजाचा आलेख पडद्यावर मोठा केला आणि डोळे बारीक करून पाहिलं. होती. तिळाएवढी फट होती, आणि काकांनी सांगितली अगदी तिथंच.

आता आली का पंचाईत. धंद्यात त्याला सगळे कानसेन म्हणत, ते काही उगाच नाही. नुसतं रेकॉर्डिंग ऐकून तो सांगायचा, खोलीत पंखा चालू होता की बंद. आणि इथं सत्तरीतला एक घड्याळजी, हेडफोनसुद्धा नको म्हणून स्पीकरला तळहात टेकवून आरामात बसलेला, सकाळपासून सहाव्यांदा त्याचे कान उपटत होता.

काल फोन काकूंनी केला होता. आवाज बसलेला, थकलेला. "माझं बोलणं आम्ही लॅपटॉपवर घेतोय, पण मधेमधे तुटतं असं हे म्हणतात. मला विचाराल तर छान येतंय. पण ह्यांच्यापुढं कुणाचं चाललंय?"

मग त्यांनी पुढचंही सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. परवा दवाखान्यात भरती, तेरवा ऑपरेशन. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार होतं. बोलायचं ते उद्याच, आणि तेही तासाभराच्या वर नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या तासातली पंचवीस मिनिटं चाचण्यांतच गेली होती. कानसेनला ती आपल्याच खिशातून गेल्यासारखी वाटत होती.

"काका, एवढ्याशा फटीनं काय बिघडतंय?" तो शेवटी म्हणाला. "कुणाच्या लक्षातही येणार नाही."

काकांनी त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. ते सगळ्यांकडं तसंच बघत, तोंडी परीक्षा घेतल्यासारखं. "माझ्या येतं," ते म्हणाले. जरा मोठ्यानंच बोलायची सवय होती त्यांना. "तिथं ती हातातून सुटते."

पुढं वाद घालायची सोयच नव्हती. कानसेन पुन्हा कामाला लागला. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी ती बटणांची पेटी, म्हणजे इंटरफेस, धडधाकट होती. तिची केबल बदलून झाली होती. आवाज साठवून घेणारा बफर वाढवून झाला, वायफाय बंद करून झालं, वीज वाचवायची लॅपटॉपची खोडही मोडून झाली होती. दर वेळी काकू चार मिनिटं बोलत आणि दर वेळी ते बोट वर जाई.

लॅपटॉपला धड असं एकच पोर्ट होतं, म्हणून सगळं एकाची चार पोर्टं करणाऱ्या हबमध्ये खोचलेलं. कानसेन टेबलाखाली शिरला.

"काका, ह्या हबवर आणखी काय जोडलंय?"

उत्तर नाही. त्यानं पुन्हा विचारलं. म्हातारा रागावलेला दिसतोय, त्याला वाटलं, आणि रागावणारच की. मग एक वायर धरून तो स्वतःच रांगत निघाला. ती कपाटामागून फिरून एका दिव्यापाशी संपत होती. दिव्याच्या बुडाशी एक पांढरी डबी होती.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. एका ताटात दोघं जेवत होते आणि पेटीला मधेमधे घास कमी पडत होता. दिवसाढवळ्या दिव्याचं काय काम, म्हणत त्यानं दिव्याची पिन उपटली.

"काकू, बोला," तो म्हणाला. "आता सलग."

काकांनी खुर्ची ओढली, ते काकूंच्या मागं बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. धीर देतायत, कानसेनला वाटलं.

"काय बोलू हो?"

काकांच्या हाताला बहुधा प्रश्न कळला. "रोजचंच. भांड नेहमीसारखी."

"उठा आता, चहा गार होतोय," काकू म्हणाल्या. "चष्मा डोक्यावर आहे, घर काय पालथं घालताय? साऱ्या गावाची घड्याळं वेळेवर आणलीत, स्वतः एक दिवस वेळेवर जेवला नाहीत. आणि पाणी उकळून प्या. मी बघायला नसले तरी."

अर्धा तास त्या बोलल्या. कानसेननं मान खाली घातली होती. असं काम त्यानं आजवर केलं नव्हतं.

पाणी प्यायला त्या आत गेल्या आणि त्यानं सगळं पहिल्यापासून लावलं. काकांचा तळहात स्पीकरवर, नजर हातावर. एक मिनिट गेलं, पाच गेली, वीस गेली. बोट वर झालं नाही. कानसेननं आलेख तपासला. कुठं केसाएवढीही फट नव्हती.

तो त्यांच्यासमोर येऊन बसला. "काका, पंधरा वर्षं ह्या धंद्यात आहे, असा माणूस पाहिला नाही. माझं नाव आजपासून तुमचं."

काका लाजल्यासारखे हसले. "चाळीस वर्षं घड्याळं धरली बोटांत. चालतंय की अडतंय, तेवढं समजतं." आणि त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावायची खूण केली.

तेवढ्यात बेल वाजली. काका हलले नाहीत. पुन्हा वाजली, लांबलचक. स्पीकरला तळहात टेकवून ते तसेच बसून होते, चेहऱ्यावर समाधान.

काकूच आतून आल्या. त्यांनी दारातून औषधांची पिशवी घेतली आणि परत येताना कपाटाशी थबकल्या.

"दिव्याची पिन तुम्ही काढलीत होय?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "जाताना तेवढी आठवणीनं दुसरीकडं कुठं लावून द्या. बेल वाजली की तो लागतो. उद्यापासून मी घरात नाही, आणि ह्यांना तर बावीस वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही."