ओरिजनल आणि दोन झेरॉक्स

"खिडकी नंबर दोन. ओरिजनल काढून हातात ठेवा," वॉचमनने फाइलकडे पाहूनच सांगितलं. सर्जेरावला काही विचारायचं होतं, पण मागून रेटा आला आणि तो निमूट रांगेत जाऊन उभा राहिला.

मेडिकल कॉलेजच्या त्या खिडकीपुढे पंधरा-वीस जण होते. बाप लोक इस्त्रीच्या कपड्यांत आले होते, पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी होती. सर्जेरावच्या अंगात दुकानातलाच सदरा होता. शहागडला हायवेवर त्याचं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान. सकाळपासून कपडे बदलायचं त्याला सुचलंच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. फोनवरच्या माणसाने बजावलं होतं, कागद घेऊन चारच्या आत पोचा, नंतर आमचा इलाज नाही.

बाहेर लिंबाखाली गावातल्या भिवाची क्रूझर गाडी उभी होती. मागच्या दोन सीटा त्याने घरीच उतरवून ठेवल्या होत्या. मागे संध्या, आणि तिच्याजवळ तिची आई बेबीनंदा. एरवी डिझेल जळतं म्हणून भिवा एसीला हात लावत नसे, पण आज त्याने न सांगता एसी लावला होता आणि गाडी उभी केल्यावरही इंजिन बंद केलं नव्हतं.

निघताना सर्जेरावचा चुलत भाऊ राजानंद गाडीला आडवा आला होता.

"तरणी पोर परक्याच्या हवाली करून राह्यलास. गावात तोंड कसं दाखवशील?"

"तिनं ठरवल्यालं हाये. म्या न्हाई मोडणार," सर्जेराव म्हणाला आणि गाडीत बसला.

वडीगोद्रीला ते फक्त झेरॉक्सपुरते थांबले. दुकानातल्या सुमितने हातात दिलेला कागद वाचला, झेरॉक्स काढल्या आणि पैसे घेतले नाहीत. "राहू द्या काका," एवढंच म्हणाला.

चार वर्षांत सर्जेराव खिडक्यांना चांगलाच ओळखून होता. कुठल्याही खिडकीवर जा, एक कागद कमी निघतोच, आणि त्या एका कागदापायी दिवस बुडतो. त्याने हाय खाल्ली होती. म्हणून संध्याचा जन्मापासूनचा एकूण एक कागद त्याने फाइलला लावला होता, ओरिजनल आणि दोन झेरॉक्स. आजही फाइल जशीच्या तशी उचलून आणली होती.

त्याचा नंबर आला. आत उषा मॅडम नावाच्या बाई होत्या.

"मुलीचं नाव?"

"संध्या सर्जेराव खरात."

बाई कागद उलटू लागल्या. दहावी, अठ्ठेचाळीस टक्के. बारावी, फिजिक्समध्ये नापास, मग पुरवणी परीक्षेत कशीबशी पास. नीटचं पहिलं वर्ष, सातशेवीसपैकी शहाण्णव. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

ते पाहणं सर्जेरावच्या ओळखीचं होतं. त्या वर्षी गावाने पोरीची यथेच्छ टिंगल केली होती. शाळेतले गुरुजी तर दुकानावर येऊन सांगून गेले, हिला शिलाईच्या क्लासला घाला. पोरगी वर्गात मान टाकायची, जिना चढताना मध्येच बसायची, आणि सगळे तिला आळशी म्हणायचे. सर्जेरावही म्हणायचा. त्याचं त्याला अजून वाईट वाटत होतं. मग एकदा तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा कळलं की हृदयाची झडप खराब आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि संध्या पुस्तकाला चिकटली ती चिकटलीच.

दोनशे एक्केचाळीस. तीनशे अठ्ठ्याऐंशी. यंदा पाचशे दोन.

"मार्क फार छान वाढवलेत मुलीने," बाई म्हणाल्या. "शहाण्णववरून पाचशे दोन. इतकी वर्षं इथे बसते मी, असं फार पाहिलेलं नाही."

कुणीतरी ते मार्क एकदा नीट पाहावेत, असं सर्जेरावला फार वाटत होतं. सकाळपासून त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"परवाच्या यादीत नाव आहे, कॉलेज हेच. कागद बरोबर आहेत. बोलवा तिला, सही लागेल."

सर्जेराव हलला नाही.

"आली आहे ना?"

"गाडीत हाये."

"मग बोलवा की. स्वतः हजर राहावं लागतं. मागे लोक खोळंबलेत."

"सही तिनं पहिलेच केल्ती, मॅडम. दवाखान्यात गेल्तो तव्हा. एक कागद भरला अन् मला म्हणली, बाबा, तुमी बी करा. मार्क पडू न्हाईतर न पडू, म्या त्या कॉलेजात जाणार म्हंजे जाणार. म्या न वाचताच केली."

त्याने फाइलच्या शेवटच्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढून आत सरकवला. खाली संध्याची सही होती, गोल अक्षरात. तिच्याखाली त्याची स्वतःची, आणि बाजूला ग्रीसचा काळा ठसा उमटलेला.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"दादा, हा देहदानाचा फॉर्म आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो मागच्या इमारतीत घेतात. तिथे मार्कशीट नाही लागत. मृत्यूचा दाखला लागतो."

"त्यो बी आणलाय," सर्जेराव फाइल चाळत म्हणाला. "ओरिजनल अन् दोन झेरॉक्स."