मास्तरने विषय बदलला

"आभाळातून दगड पडणार का नाही, सरळ सांग ना," रेवण भिंतीवरच्या मास्तरवर खेकसला. "पोरगी सकाळपासून कॉटखाली बसलीय."

घरोघरी लावलेल्या त्या बोलक्या यंत्राला सगळे मास्तर म्हणायचे. लहान पोरांशी त्याला खोटं बोलताच यायचं नाही, म्हणून आया निर्धास्त कामाला जायच्या. रेवणच्या धाकट्या बहिणीला, भागूला, आभाळाची भीती. सूर्य विझेल का, चंद्र निखळेल का, असं ती रोज विचारायची आणि मास्तर रोज "नाही गं बाई" म्हणायचा.

आज तो म्हणाला, "भागू, आधी जेवून घे."

रेवणने भिंतीला कान लावला. शेजारचा मास्तरही तिथल्या पोराला जेवायलाच सांगत होता.

रेवण कॉटखाली वाकला.

"यंत्र बिघडलंय, भागे. काही पडत नाही."

"आईची शप्पथ?"

"माझी शप्पथ."

"आईची घे."

"माझी घेतली ना."

"दादा, आईची का नाही घेत?"

"शेजारच्या काकूंकडे जाऊन बस," रेवण सायकलची चावी शोधत म्हणाला. "मी आईला कारखान्यातून घेऊन येतो. मला आता निघायला पाहिजे."