श्वासाचा डाग

आरशावर श्वास सोडला की वाफ धरते आणि क्षणात विरते. जनीच्या श्वासाचा डाग विरत नव्हता. तिच्या आईने, बायजाने, त्यावरून बोट फिरवलं, तेव्हा बोटाला राख लागली.

तो एकतीस सालचा उन्हाळा होता. उरणच्या पेठेत आग लागून रंगाच्या आणि डांबराच्या वखारी जळाल्या होत्या. विझल्यावर बायकांनी तिथली राख टोपल्या भरून घरी नेली. भांडी आणि दात घासायला ती पावसाळाभर पुरली असती. बायजाच्या सासूने, सोनूबाईनेही नेली. पुढे नात जनी खोकू लागली.

बायजाने उरलेली राख खाडीत टाकली, भांडी चिंचेने धुतली, घर पुन्हा सारवलं. खोकला थांबला नाही.

"पोरीला घेऊन पेणला जाऊ या, माझ्या माहेरी," ती नवऱ्याला रोज म्हणे. हिरामण आईकडे बघे.

"पेठ जळली, आपलं घर वाचलं," सोनूबाई म्हणे. "आन् वाचलेलं घर टाकून पळायचं व्हय? लोक हसतील."

आज बायजाने आरसा सासूपुढे धरला. स्वतःपुढे धरायचा धीर तिला अजून झाला नव्हता.

"मला म्हातारीला कशाला नटवतेस गो?" सोनूबाई हसली, आणि काचेवर करडा डाग उमटला.

तिने तो पदराने पुसला. पदराकडे पाहिलं, मग जनीकडे. सोनूबाई बोलू लागली तशी काच पुन्हा करडी होत गेली.

"हिरामण, गाडी जुंप. हे घर आजच सोडायचं."