पहिली दाद

“आबा, नातीला घेऊन मागे बसता का? मैफल सुरू असताना ती मध्येच ओरडली तर?” संयोजक हळूच म्हणाले.

“उर्वी स्वमग्न आहे, बहिरी नाही,” मी म्हटलं आणि तिला घेऊन नेहमीच्या पहिल्या रांगेत बसलो.

गायिका तानपुरा लावत होत्या. उर्वीची बोटं हवेत भराभर हलत होती. एकदम बोटं थांबली, आणि उर्वी अगदी माझ्यासारखी मान हलवून मोठ्याने म्हणाली, “वा.”

सभागृह हसलं. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं.

बाईंनी खुंटीवरचा हात काढला. “हसू नका. तार आत्ताच लागली.”

चाळीस वर्षं मी याच रांगेतून दाद देतोय. मंचावरून मला अजून एकदाही उत्तर आलेलं नाही.