खांद्यावरचा मानकरी

तानाजी आज आउट होता कामा नये, एवढंच किशोरच्या डोक्यात होतं.

कोळवणच्या भातखाचरात दरवर्षीची मॅच रंगात आली होती. भात काढून झालं की लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. ओढ्याच्या पाण्यात बिअरचे बॉक्स, बांधावर बॅन्जो पार्टी, आणि हरलेल्यांनी मटणाची भांडी घासायची. तानाजी लग्नवाल्यांचा कप्तान, किशोर बिनलग्नाच्यांचा. पहिलीपासून एका बाकावर बसलेले दोघं.

दोन वर्षांपूर्वी जमिनीच्या मोजणीवरून किशोरनं एका एजंटाला कोयत्यानं तोडलं होतं. आधी मानेवर, मग पडल्यावर तोंडावर, बायकोलाही ओळख पटू नये इतकं. पाहणारा एकटा तानाजी. पोलिसांनी बसवून ठेवल्यावर तो खरं बोलून गेला. किशोर जामिनावर सुटला खरा, पण सोमवारी कोर्टात तानाजीची साक्ष होती. ती झाली की जन्मठेप.

तू काय बोलणार, असं किशोरनं त्याला कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे हात पसरणं, आणि कोयता चालवलेल्या हाताला पसरायची लाज वाटते.

काम भुकूमच्या नरहरीनं अंगावर घेतलं होतं. पोरगा तो बाहेरचा आणणार होता. फोटो नाही, नाव नाही. फोनमध्ये राहिलेलंच माणसाला आत घालतं, असं नरहरीचं म्हणणं. मग खूण किशोरनंच सुचवली. मॅच जिंकून देणाऱ्याला इथं खांद्यावर घेऊन नाचवतात. गुलालात कोण कुणाला ओळखत नाही. बॅन्जो वाजत असताना जो खांद्यावरून उतरेल, त्याच्या पोटात सुरा घालायचा आणि ओढ्याकडून निघायचं.

तेव्हा मॅच तानाजीनंच जिंकायला हवी होती.

डाव बदलताना तानाजी दातानं बाटली उघडत त्याच्याजवळ आला.

"किश्या, सोमवारचं जरा बोलायचं हाय."

"मॅच झाल्यावर."

"दोन शब्द हायेत रं."

"मॅच झाल्यावर म्हनलं ना."

तानाजीनं बाटली त्याच्या हातात दिली आणि दुसरी आणायला ओढ्याकडे गेला. किशोरला वाईट वाटलं. पण जन्मठेपेपुढं वाईट वाटणं किती वेळ टिकणार?

शेवटची ओव्हर त्यानं स्वतः घेतली. पोराला टाकावेत तसे फुलटॉस टाकले. तानाजीनं एक उंच उडवला आणि चेंडू सरळ शेखरच्या हातात येऊ लागला. शेखर किशोरच्याच टीमचा, आणि कॅच सोडणं त्याला माहीत नव्हतं. किशोर धावत सुटला आणि त्यानं कोपर थेट शेखरच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडलं. चेंडू खाचरात पडला.

"येडा झालायस काय तू?" शेखरच्या बनियनवर रक्ताचा ओघळ लागला होता. त्यानं स्टंप उपटला आणि किशोरच्या डोक्यावर उगारला.

मध्ये तानाजी घुसला. स्टंप त्याच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. तो थुंकला आणि शेखरला खाली पाडून बुक्क्यांनी बडवू लागला.

"माझ्या दोस्तावर हात टाकायचा न्हाई. कळलं?"

चौघांनी ओढून त्याला बाजूला केलं, तोवर शेखरचा एक डोळा मिटला होता. तानाजीनं बाहीनं रक्त पुसलं, बॅट उचलली आणि पुढचाच चेंडू बांधापलीकडं मारला. मॅच संपली.

बॅन्जो सुरू झाला. गुलालाची पोती फुटली. किशोर हळूहळू मागं सरकत बांधापाशी गेला. बॅन्जोवाल्यांची पोरं, जीपवाले, शेजारच्या गावचे, सगळेच लालेलाल. यातला नेमका कोणता, ते त्यालाही कळेना. लग्नवाले तानाजीला उचलायला धावले, तसा तो त्यांना ढकलून तडक किशोरकडं आला.

"फुलटॉस टाकलंस. शेखऱ्याचा कॅच सोडवलास. म्या काय आंधळा हाय व्हय?" फाटक्या ओठानं हसत तो किशोरच्या कानाशी वाकला. "सोमवारी म्या काय बी पायलं न्हाई, असंच सांगनार हाय. तुला ते ठावं झालं, म्हनूनच जिंकवलंस ना मला?"

किशोर काही बोलायच्या आत तानाजीनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"आजचा मानकरी ह्यो."

लोकांनी कल्ला केला. बॅन्जो आणखी चढला. वरून किशोरला सगळं नीट दिसत होतं. गर्दीतलं एक अनोळखी पोरगं नाचत नव्हतं. उजवा हात शर्टाच्या आत ठेवून ते वाट काढत आलं आणि तानाजीच्या अगदी पुढ्यात उभं राहिलं. नजर वर, किशोरवर.

किशोरनं तानाजीचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट आवळलं.

"तान्या, खाली सोडू नको. पाया पडतो तुझ्या, खाली सोडू नको."

"लाजतोस काय लेका, नाच जरा," तानाजी म्हणाला, आणि गुडघे वाकवून त्यानं त्याला अलगद खाली ठेवलं.