डावा कान

हेडफोनवरच्या गाण्याच्या मधोमध सुदेशने डोळे उघडले, तर आई शेजारी येऊन बसलेली. कधी आली ते त्याला कळलं नव्हतं. ती उजव्या अंगाला बसली होती, आणि त्याचा उजवा कान गेल्या वर्षीच कामातून गेला होता.

ठाण्यात कोपरीच्या मागे खाडीचा हा बांध आहे. पुढे तिवरांची झाडी, त्यापुढे राखाडी पाणी. थंडीत संध्याकाळ झाली की पाण्यावर धुरकं उतरतं आणि पलीकडचा काठ दिसेनासा होतो. सुदेशच्या गाण्यांना ही जागा फार मानवायची.

गाणी मेटल रॉकची. लोकांना वाटतो तसला धिंगाणा नव्हे. लांबलचक, संथ गाणी. गिटारी एकमेकींत मिसळून धुक्यासारख्या दाटून येतात, ड्रम कुठेतरी लांब कोसळत राहतात, आणि त्या सगळ्याच्या मागून एक माणूस ओरडतो. शब्द कळत नाहीत. कळावेत असं सुदेशला कधी वाटलंही नाही. कॉलेजात असताना मित्राने, संदेशने, पहिल्यांदा ऐकवलं, तेव्हापासून मन खचलं की त्याला हेच लागायचं. ऐकून उदासी जात नसे, पण तिला बसायला जागा मिळे.

या आठवड्यात रजा टाकून तो गाणी ऐकायच्या आपल्या सगळ्या जागा फिरून आला. वर्तकनगरच्या मागे येऊरच्या चढावर जाऊन बसला. दिव्याला संदेशच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेला. तिथे रिकाम्या टाक्यांच्या रांगा आणि चहूकडे अर्धवट बांधलेल्या इमारती. त्या उजाड गच्चीवर सगळ्यांत काळी, सगळ्यांत संथ गाणी ऐकायची, हे दोघांचं जुनं ठरलेलं. या वेळी संदेश दार उघडून देऊन खाली निघून गेला.

उजव्यापाठोपाठ डाव्या कानाच्या नसेवरही गाठ निघाली होती. “काढावीच लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “जीव वाचेल. ऐकू येणं वाचणार नाही.”

“कानाचं मशीन लावून?”

“नसच उरणार नाही. मशीन कशाला जोडणार?”

ऑपरेशन परवावर आलं होतं.

सुदेशने आईकडे पाहिलं. मंजुळा बाजारात मासळी विकून, हात धुऊन, थेट इकडेच आली असावी. पदर खांद्यावरून घट्ट ओढून ती खाडीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. त्याने हेडफोन मानेवर सरकवला.

“काय म्हणालीस?”

“काय नाय. तू ऐक तुजं.”

“बोलत होतीस ना?”

“मी माज्याशीच बोलते. म्हणून तर या अंगाला बसले. तुज्या गाण्यात मोडता नको.”

तिने पुन्हा तोंड खाडीकडे केलं. डॉक्टरांकडून आल्यापासून ती घरातही अशीच वागत होती. भांडं आपटू द्यायची नाही, टीव्ही लावायची नाही. पोराला जे ऐकायचंय ते ऐकून घेऊ दे, एवढंच तिने धरलं होतं.

सुदेशने हेडफोन परत कानावर घेतला आणि चमकला. गाणं नेमकं तिथेच होतं, जिथे असेल असं त्याला वाटलं होतं. आईशी बोलत असतानाही ते आत चालूच होतं. त्याने मुद्दाम हेडफोन काढला, डोळे मिटले. डोक्यातले ड्रम थांबले. एकटी तार वाजत राहिली. मग धुक्यातून ती आरोळी उठली. त्याने हेडफोन लावला, तर आरोळी अजून हवेत होती. जराही मागेपुढे नाही.

म्हणजे हे कुठेच जाणार नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं हललं.

आईचे ओठ अजून हलत होते. तिचाही आवाज असाच आठवून बघावा म्हणून त्याने डोळे मिटले. सकाळची तिची हाक. पाणी आलं की जिन्यातून ओरडणं. जेवताना कान उपटणारं बोलणं. शब्द सगळे भराभर आले. आवाज येईना. त्याने पुन्हा पुन्हा ताण देऊन पाहिलं. आईचे शब्द त्याला त्याच्या स्वतःच्याच आवाजात ऐकू येत होते.

इतकी वर्षं घरात शिरताना हेडफोन, जेवताना हेडफोन, झोपताना हेडफोन. हा आवाज त्याने कधी ऐकून ठेवलाच नव्हता. तो काय, कायम आहेच, म्हणून.

त्याने गाणं बंद केलं. उठला, आईच्या पलीकडे जाऊन बसला. आता ती त्याच्या डाव्या अंगाला आली.

“झालं ऐकून?” तिने विचारलं.

“ही गाणी मला पाठ आहेत, आये. तुझा आवाज पाठ नाही. बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. मघाशी स्वतःशी बोलत होतीस ते बोल.”

मंजुळाने त्याच्याकडे बघितलं. जिने हाक मारली की भरलेल्या बाजारात पार टोकाचं गिऱ्हाईक मागे वळायचं, तिने तोंड उघडलं, ओठ हलवले, आणि आवाज फुटेना. तिने पदर तोंडाला लावला, पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा निघाला.

सुदेशने डावा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“सावकाश, आये,” तो म्हणाला. “अजून ऐकू येतंय मला.”